आधी मीटर, मग केबल

आमच्या मोशीच्या सोसायटीत बॅटरी बसण्याचा मुहूर्त ठरलेला आहे. गणपतीला गावी जायचं, परतल्यावर पितृपक्षात फिरायला जायचं नाही, मग नवरात्र, आणि एकदम दसऱ्याच्या सकाळी हार घालायला खाली उतरायचं. रोज चाकणला जाणारी गाडी सुरू होते. बसते ती हौसेची.

गेल्या दसऱ्याला शेजारच्या दादांची ठेंगणी, दोन माणसांची लाल गाडी बेसमेंटमध्ये अशीच निपचित पडली होती. वहिनींच्या हातात ताट, ताटात झेंडू आणि हळद-कुंकू, आणि दादा रिमोट दाबतायत, दाबतायतच. भोवती सात-आठ जण जमले. त्यातले निम्मे चाकणच्या कारखान्यांत गाड्या बांधणारे, एक जण चिंचवडचा निवृत्त. सगळ्यांचं एकच म्हणणं, जंप केबल आणा. आपल्या पट्ट्याचा हा रोगच आहे. इथं प्रत्येकाला गाडीतलं कळतं, त्यामुळे थांबून बघायला कुणी तयार नसतं. केबल ही या कामातली शेवटून दुसरी पायरी आहे. ती पहिली केली की दोन हजारांचं काम दोन लाखांवर जाऊ शकतं, आणि स्पोर्ट्‌स कारमध्ये तर जातंच.

तर क्रमानं.

दार उघडण्याआधी रिमोटमधली नाण्याएवढी बॅटरी बघा. बहुतेक रिमोटांत सीआर-२०३२ असते, ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. दुसऱ्या किल्लीनं गाडी उघडली तर आजार रिमोटचा, गाडीचा नाही. दोन्ही किल्ल्या मुक्या असतील तर रिमोटच्या पोटातून लोखंडी किल्ली ओढून काढा. ती बहुधा असतेच, मालकाला माहीत नसते एवढंच. दारावरचं कुलूप काही गाड्यांत हँडलच्या टोकाशी प्लॅस्टिकच्या टोपणाखाली लपवलेलं असतं. टोपण नखानं काढा, पेचकसानं काढलंत तर रंग जाईल आणि दादांचं तोंड बघवणार नाही.

आता एक गोष्ट, जी साध्या हॅचबॅकवाल्याला ठाऊक नसते. बहुतेक कूपे आणि उघड्या टपाच्या गाड्यांच्या दारांना वर चौकट नसते. हँडल ओढलं की काच स्वतःहून बोटभर खाली सरकते आणि मग दार सुटतं. बॅटरी मेली असेल तर काच सरकत नाही. दार तसंच हिसकलं तर काच रबरात अडकते, कधी तडकते. एका हातानं काच हलकेच आत दाबून धरा आणि दार सावकाश उघडा. लावताना तर शक्यतो लावूच नका. दारावर एक जाड फडकं टाकून ते अर्धवट ठेवा, गाडीत वीज आल्यावर बंद करा.

आत बसलात की सेल्फ एकदाच मारायचा. एकदाच. कान द्या. दिवे मंद लागून कट-कट-कट आवाज आला तर बॅटरीत थोडा जीव आहे, पण स्टार्टर फिरवण्याइतका नाही. एकच ठक्‌ आवाज आला आणि दिवे मात्र झगझगीत, तर बॅटरीपेक्षा स्टार्टर किंवा सैल टर्मिनलवर संशय घ्या. काहीच नाही, डॅशबोर्डही काळा, तर ती पार उतरली आहे किंवा टर्मिनल सुटलं आहे. दहा वेळा सेल्फ मारून यात नवी माहिती मिळत नाही. उरलेला जीव तेवढा जातो.

मग मीटर. डिजिटल मल्टिमीटर पाचशे रुपयांच्या आत येतो आणि हजारो रुपयांचे तर्कवितर्क वाचवतो. नॉब डीसी २० व्होल्टवर, लाल टोक पॉझिटिव्हवर, काळं निगेटिव्हवर. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा खण असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. म्हणून भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, एजीएम जातीची त्याहून किंचित जास्त. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आकडा १०.५ च्या आसपास अडकला असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल, तर सहातला एक खण गेलेला असतो. अशा बॅटरीला केबल लावून फायदा नाही, ती बदलायचीच. उलट १२.५ दाखवत असूनही गाडी हलत नसेल, तर टर्मिनल बघा. पांढरट-हिरवा खार साचलेला दिसेल किंवा दहा नंबरच्या पान्यानं अर्धा फेरा फिरेल एवढं ते ढिलं असेल. खार कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं निघतो.

पण मीटर लावायला आधी बॅटरी सापडली पाहिजे. दसऱ्याच्या दिवशी सगळ्यांची जिरली ती इथं.

बॉनेट उघडल्यावर समोर बॅटरी हा आपला अनुभव. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीपर्यंत तो खरा ठरतो. पण वजनाचा तोल साधायला स्पोर्ट्‌स गाड्यांत बॅटरी कुठंही असते. बऱ्याच बीएमडब्ल्यूंत ती मागच्या डिकीत असते आणि जंपसाठी बॉनेटखाली वेगळी टोकं काढलेली असतात. लाल झाकणाखाली पॉझिटिव्ह, शेजारी बॉडीला जोडलेला निगेटिव्हचा खुंट. पोर्श ९११, बॉक्सटर, केमन यांचं इंजिन मागं किंवा मधे, बॅटरी बहुतेक पुढच्या डिकीत, आणि त्या पुढच्या डिकीचं कुलूप विजेवर उघडतं. म्हणजे बॅटरी मेल्यावर बॅटरीपर्यंत पोचायला बॅटरी लागते. तिजोरीची किल्ली तिजोरीत, असा प्रकार.

दादांच्या गाडीचीही तऱ्हा तीच होती. बॉनेटच्या फटीत पेचकस घालायला निघालेल्या उत्साही मंडळींना बाजूला करून ग्लव्ह बॉक्समधलं पुस्तक काढलं. यावर उपाय कंपनीनंच ठेवलेला असतो. पायाजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये लाल रंगाचं एक टोक असतं, ते बाहेर ओढायचं. छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा पॉझिटिव्ह त्याला, निगेटिव्ह दाराच्या लोखंडी कडीला किंवा बिजागरीला लावायचा. मग डिकीचं बटण दाबायचं. गाडी लॉक असेल तर भोंगा ठणाणा करेल, घाबरू नका, रिमोट दाबला की थांबतो. आमचं काम सोसायटीच्या वॉचमनकाकांच्या स्कूटरच्या बॅटरीवर झालं. ठक्‌ आवाज आला आणि पुढची डिकी चार बोटं वर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या फ्यूज बॉक्समधल्या टोकाला दुसऱ्या गाडीची जंप केबल लावून इंजिन सुरू करायला जाऊ नका. ते टोक कुलपाएवढ्या विजेसाठी आहे, स्टार्टरला लागणारे शेकडो अँपिअर त्यातून गेले तर वायरिंग जळेल.

आता निर्णय, चार्जर की केबल? वेळ असेल तर डोळे झाकून चार्जर. बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शानं वीज देणं हा जुना आणि चांगला हिशोब. ७० अँपिअर-तासाची असेल तर ७ अँपिअर किंवा त्याहून कमी. म्हणजे रात्रभर. चार्जरवर एजीएमची खूण असेल ती निवडा. शिसं-आम्लाची बॅटरी सोडून काही गाड्यांत, उदाहरणार्थ पोर्शच्या काही जीटी मॉडेलांत, लिथियमची हलकी स्टार्टर बॅटरी येते. तिला साधा चार्जर चालत नाही. शिसं-आम्लाची बॅटरी फारच खाली गेली असेल तर हुशार चार्जर तिला ओळखतच नाही, लाल दिवा दाखवून गप्प बसतो. तेव्हा बॅटरीवाल्याकडे साध्या चार्जरवर तासभर लावून मग घरच्यावर घ्यायची. अडचण एकच, बेसमेंटमध्ये प्लग नसतो. जिथं सोसायटीनं इलेक्ट्रिक गाड्यांसाठी पॉइंट घेतलेत तिथला हा जुन्या पेट्रोल गाड्यांना आयता फायदा.

मुहूर्त साडेअकराचा असेल तर मात्र केबल.

मदतीची गाडी कोणती, यावर चाकणमध्ये सगळ्यात मोठा घोटाळा होतो. पुणे-नाशिक रस्त्यावर बंद पडलात तर पहिला थांबणारा माणूस ट्रकवाला असतो. माणूस देवासारखा, पण त्याची गाडी २४ व्होल्टची. मोठ्या ट्रकला, ट्रेलरला आणि बसला बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात. ते चोवीस तुमच्या गाडीत शिरले तर कंट्रोल युनिटं एकदम जातात. आमच्या शिफ्टमधल्या एकानं तळेगाव चौकाच्या अलीकडे हे करून घेतलं, आणि गाडी सहा आठवडे उभी राहिली. ट्रकवाल्याला हात जोडून चहा पाजा, केबल नको म्हणा. छोटा हत्ती किंवा पिकअप बहुतेक बारा व्होल्टचे असतात, तरी बॅटरीवरचा आकडा वाचूनच घ्या. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीकडून वीज घेणं अनेक कंपन्यांनी मना केलेलं आहे, तेही नको.

आणि उलट बाजूही सांगतो, कारण इलेक्ट्रिकवाली पोरं हसतात. चाकणलाच बनणारी महिंद्राची बीई ६ घ्या. मोठ्या आवृत्तीत ७९ युनिट साठवणारी बॅटरी. पण इलेक्ट्रिक गाड्यांतही दारं, स्क्रीन आणि कंट्रोलर जागे करायला वेगळी छोटी बारा व्होल्टची बॅटरी लागते. ती बसली की पोटात आठवडाभर पुरेल एवढी वीज असूनही गाडी मुकी. तिलाही हेच मीटर, हाच क्रम.

केबल निदान बोटाएवढी जाड असावी. पेट्रोल पंपाबाहेर मिळणाऱ्या बारीक केबलमध्ये बाहेर रबर जाड आणि आत तांबं नावाला असतं. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. दोन्ही गाड्या बंद, दिवे, एसी, गाणी बंद, दोन्ही गाड्यांची बॉडी एकमेकींना टेकलेली नको. मग:

१. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, किंवा कंपनीनं दिलेल्या जंपच्या टोकाला.
२. लाल केबलचं दुसरं टोक मदतीच्या गाडीच्या पॉझिटिव्हला.
३. काळा चिमटा मदतीच्या गाडीच्या निगेटिव्हला.
४. काळ्याचं शेवटचं टोक बंद गाडीच्या अर्थच्या खुंटाला किंवा इंजिनच्या उघड्या लोखंडाला. बॅटरीपासून जमेल तितकं लांब.

चौथ्या पायरीवर सगळे चुकतात, कारण बॅटरीचा निगेटिव्ह समोर दिसत असतो. शेवटचं टोक जोडताना ठिणगी उडतेच. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. ठिणगी त्याच्याजवळ नको, एवढंच त्यामागचं कारण. बॅटरी फुटली तर आम्ल डोळ्यांत जातं. शिवाय नव्या गाड्यांत निगेटिव्ह टोकावर बॅटरीचा सेन्सर बसवलेला असतो, त्याला बगल देऊन थेट चिमटा लावला तर गाडीचा विजेचा हिशोब चुकतो.

मदतीची गाडी सुरू करा, पाच मिनिटं तशीच चालू द्या. मग बंद गाडीला सेल्फ, पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. झाली नाही तर दोन मिनिटं थांबा. तीन प्रयत्नांत झाली नाही तर थांबाच, बॅटरी सोडून दुसरं काहीतरी आहे. सुरू झाली की चिमटे बरोबर उलट्या क्रमानं काढा, आधी काळ्याचं इंजिनवरचं टोक, शेवटी लाल. काढलेले चिमटे एकमेकांना लागू देऊ नका.

धक्का मारू का, हा प्रश्न त्या दिवशीही आला. ऑटोमॅटिक किंवा दोन क्लचच्या गिअरबॉक्सला धक्कास्टार्ट नाहीच. मुळात इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक लागलेला असतो आणि वीज नसताना तो सुटत नाही, मग चार जण काय ढकलणार? मॅन्युअल गाडी निघेल, पण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजतो. तो भाग महाग आहे. उचलून न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडच बोलवा आणि फोनवरच सांगा की गाडी खाली आहे, लाकडी फळ्या घेऊन या. नाहीतर पुढचा बंपर रॅम्पवरच राहतो.

गाडी सुरू झाली म्हणजे काम झालं नाही. इंजिन चालू असताना पुन्हा मीटर लावा. १३.८ ते १४.७ दिसलं तर अल्टरनेटर शहाणा आहे. १२.५ च्या खालीच घुटमळत असेल तर बॅटरी नव्हे, अल्टरनेटर बघा, आणि घरापासून लांब जाऊ नका. ठीक असेल तर निघा, पण चाकणच्या दिशेनं नको. आंबेठाण चौकात एसी, पंखा आणि दिवे चालू ठेवून पाऊण तास सरपटलात तर मिळणारी वीज खर्च होऊन जाते. स्पाइन रोडनं निगडीकडे या आणि जुन्या मुंबई हमरस्त्यानं वडगाव मावळपर्यंत जाऊन या. तरीही बॅटरी पूर्ण भरत नाही. अल्टरनेटर हा चार्जर नव्हे, घरी येऊन रात्रभर चार्जर लावायचाच.

वाटेत डॅशबोर्डवर पिवळे दिवे लागतील. घाबरू नका. स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर विसरलेला असतो. एकदा डावीकडे पूर्ण, एकदा उजवीकडे पूर्ण फिरवून थोडं चालवलं की बरेचसे विझतात. काचा पूर्ण वर घेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा, म्हणजे काचेला पुन्हा बोटभर सरकायचं आठवेल. घड्याळ १२ वाजता अडकलेलं असेल, ते लावा.

आता बॅटरी का बसली, ते बघू. गाडी बंद असली तरी अलार्म, रिमोटचा रिसीव्हर आणि कंट्रोल युनिटं थोडी वीज खातात. ५० मिलिअँपिअर धरा, म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. गणेश चतुर्थी ते दसरा साधारण ३६ दिवस. झाले ४३. सत्तरच्या बॅटरीतले, तेही ती पूर्ण भरलेली होती असं मानून. यात काही बिघाड नाही, गाडी उभी राहिली हाच दोष. त्यात भर म्हणून कुणी डॅशकॅम थेट जोडलेला असतो, कुणी जीपीएस ट्रॅकर, कुणी ॲम्प्लिफायर. दादांच्या गाडीत डॅशकॅमचा ‘पार्किंग मोड’ चालू होता. बॅटरी संपेपर्यंत बेसमेंटमधला खांब रेकॉर्ड झाला.

गळती मोजायची असेल तर डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर निगेटिव्हच्या वायरवर लावा, गाडी लॉक करा, किल्ली लांब घरात ठेवा आणि अर्धा तास थांबा. युनिटं झोपायला वेळ घेतात. अर्ध्या तासानंतरही शंभर मिलिअँपिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडला की गुन्हेगार सापडला. हे काम चिखलीच्या किंवा भोसरीच्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून दोनेकशे रुपये जास्त देऊन करून घेतलं तरी चालेल.

बॅटरी बदलायची ठरली तर दुकानदार देईल ती घेऊ नका. जुनीवर एजीएम किंवा ईएफबी लिहिलं असेल तर नवीही तीच. इंजिन सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला साधी बॅटरी घातलीत तर ती लवकर दगा देते. बॅटरी गाडीच्या आत बसणारी असेल तर तिची वायू बाहेर सोडणारी नळी पुन्हा जोडली का, हे स्वतः डोळ्यांनी बघा. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना आधी पॉझिटिव्ह. असं केलं की पाना चुकून बॉडीला लागला तरी भडका होत नाही. बऱ्याच जर्मन गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरनं गाडीला कळवावी लागते, नाहीतर ती जुनीच समजून चार्ज करत राहते. चिंचवडला एक्साइडचा कारखाना १९६९ पासून आहे, अख्खी उद्योगनगरी बॅटऱ्यांवर चालते, तरी जुनी बॅटरी भंगारवाल्याला वजनावर देणारे आपल्यात कमी नाहीत. तो आम्ल गटारात ओततो आणि शिसं वितळवतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी दुकानातच द्या, किमतीत सूटही मिळते.

हार चढला तेव्हा बारा वाजून गेले होते. वहिनी म्हणाल्या, "मुहूर्त गेला." कुणी काही बोललं नाही. दादांनी आता एक लहान स्मार्ट चार्जर घेतलाय, जो महिनोन्‌महिने लावून ठेवता येतो.

चार्जर लावायची सोय नसेल तर गावी निघण्याआधी निगेटिव्ह सोडून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. फक्त बॅटरी पुढच्या डिकीत असेल तर डिकी पूर्ण दाबून बंद करू नका, नुसती टेकवून ठेवा. ती पुन्हा बॅटरीवरच उघडते.